आंदोलकांना माफी : कुणाला आणि कुठवर?



आंदोलनात शिक्षा झालेल्यांना माफी द्यावी का, यावर वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंत वाद रंगतो. कुणी म्हणतो, "पोरं आपलीच, सोडून द्या." कुणी म्हणतो, "मग कायदा कशाला?" आम्हांस येथे एक जुना दाखला द्यावासा वाटतो.

५ मार्च १९३१ रोजी गांधी-आयर्विन करार झाला. कायदेभंगात तुरुंगात गेलेल्यांना सोडायचे ठरले. हिंसेचा गुन्हा शाबीत झालेल्यांना मात्र नाही. न भरलेले दंड माफ झाले, भरलेले परत मिळाले नाहीत. सरकारने जप्त केलेली जमीन तिसऱ्याला विकली गेली असेल, तर तो व्यवहार कायम राहिला. म्हणजे माणूस सुटला, पण कुणाचं रान गेलं ते गेलंच. आणि २३ मार्चला भगतसिंग, सुखदेव यांच्यासह आपल्या खेडचे राजगुरू फासावर गेले. ही सल अजून आहे.

तेव्हा राज्य परक्याचे होते. आज कायदे आपण निवडून दिलेली माणसे करतात. सबब आमचे मत असे : ऊसदरासाठी रस्त्यावर बसून ज्याने शिक्षा सोसली, त्याला खुशाल माफी द्यावी. पण ज्याने दुसऱ्याचा ट्रॅक्टर पेटवला, त्याच्या माफीआधी ट्रॅक्टरवाल्याला विचारावे, त्याचे नुकसान भरून द्यावे.

घटनेच्या कलम ७२ व १६१ ने राष्ट्रपती व राज्यपालांना माफीचा अधिकार दिला आहे. तो झेंडा बघून वापरला, तर ती माफी नव्हे, वशिला होय.