कटोरी राहिली की ओ ताई!

मैत्रिणींनो, आवडीची मालिका अचानक बंद झाली की तुमच्या घरात काय होतं? आमच्या घरात 2016 च्या फेब्रुवारीत अक्षरशः सुतक आलं होतं. झी मराठीवरची ‘दिल दोस्ती दुनियादारी’ संपली. माझी लेक तेव्हा नववीत. ‘माजघर’ नावाच्या त्या घरातली सहा पोरं जणू हिचीच सख्खी भावंडं! रात्री जेवणाच्या ताटावर डोळे पुसत बसली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, कोन मेलंय का?” तर ही म्हणते, “माजघर बंद झालं, आजी!”

पुढं त्याच मालिकेतले अमेय वाघ, सुव्रत जोशी, सखी गोखले, पूजा ठोंबरे ‘अमर फोटो स्टुडिओ’ या नाटकात एकत्र आले. मनस्विनी लता रवींद्र यांनी लिहिलेलं, निपुण धर्माधिकारींनी बसवलेलं ते नाटक काळात मागं जाण्याचं, म्हणजे चक्क विज्ञानकथेच्या वाटेवरचं. मग 2017 मध्ये ‘दिल दोस्ती दोबारा’ आली. चेहरे तेच, पण नावं नवी, गोष्ट नवी. लेकीनं चार दिवस बघितली आणि म्हणाली, “आई, हे ते नाहीये.” तिची मैत्रीण मात्र खूश! “निदान दिसतायत तरी,” असं तिचं म्हणणं. दोघींची त्यावरून आठवडाभर कट्टी.

तेव्हा मी हसले होते. पण हीच कट्टी सातासमुद्रापार हजारो लोक वर्षानुवर्षं धरून बसलेत, हे मला 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कळलं.

त्या दिवसांत वाडीत कधी नव्हे ती शांतता होती. मंदिर बंद, घाट रिकामा, आमचं पेढ्याचं दुकान बंद. टीव्हीवरच्या मालिकांचं चित्रीकरणही थांबलेलं, सगळे जुनेच भाग चालू. लेक इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेल सोडून घरी आलेली. एका दुपारी लॅपटॉप घेऊन माझ्याशेजारी बसली. “आई, ‘फायरफ्लाय’ बघ. चौदाच भाग आहेत.”

मी म्हटलं, अंतराळातलं मला काय कळणार? तसा हा प्रकार मला अगदीच परका नव्हता. 1998 मध्ये कॉलेजात असताना माहेरी, कुरुंदवाडला, धाकट्या भावाबरोबर दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ बघायची. केतन मेहतांची मालिका आणि आपला मिलिंद सोमण! (अंतराळापेक्षा त्याच्याकडेच जास्त लक्ष असायचं, हे आता सांगायला हरकत नाही.) शिवाय वाचनालयातून आणलेल्या नारळीकरांच्या कथा. जयंत नारळीकरांचा जन्म आपल्या कोल्हापुरातलाच, 1938 चा. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या स्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असं टोपणनाव घेऊन कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं त्यांनी उलटी केली होती! 2025 च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

तर ‘फायरफ्लाय’. म्हणजे काजवा. ही अमेरिकेतली 2002 ची मालिका. गोष्ट पाचशे वर्षांनंतरची, 2517 सालची. मोठं युद्ध झालंय आणि आपला नायक हरलेल्या बाजूचा आहे. ‘सेरेनिटी’ नावाचं जुनं खटारा यान घेऊन तो मिळेल तो माल वाहतो. यानात सगळी मिळून नऊ माणसं. त्यातली केली नावाची पोरगी यानाची मेकॅनिक. तोंडाला काळं लागलेलं, हातात पाना आणि चेहरा सदा हसरा.

सासूबाई मागून बघत होत्या. “ह्ये इमान हाय का येष्टी?” त्यांनी विचारलं. लेक म्हणाली, “एसटीच समज.” “आनि ती पोरगी डायवर का?” “नाही आजी, ती इंजीन दुरुस्त करते.” सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची पुढं ओढली. चौदा भाग त्यांनी आमच्याबरोबर बघितले. इंग्रजीचं एक अक्षर न कळता!

अशी मालिका बंद का पडली? वाहिनीनं ती शुक्रवारी रात्री लावली. त्याहून वाईट म्हणजे भाग उलटसुलट दाखवले. सगळ्यांची ओळख करून देणारा पहिला दोन तासांचा भाग सप्टेंबरऐवजी थेट डिसेंबरात, शेवटी लावला. आमच्या वाडीत गुरुचरित्राचे सप्ताह बसतात. कुणी पहिला अध्याय सगळ्यात शेवटी वाचला तर ऐकणाऱ्याला काय कळेल? प्रेक्षक जमले नाहीत आणि मालिका गुंडाळली. तयार चौदा भागांपैकी अकराच दाखवले होते.

पण जे थोडे प्रेक्षक होते ते हटले नाहीत. त्यांनी वर्गणी काढून चित्रपटसृष्टीच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, दुसऱ्या वाहिनीला पोस्टकार्डं पाठवली. 2003 च्या डिसेंबरात मालिकेच्या डीव्हीडी आल्या, त्या भराभर खपल्या. तो खप बघून दुसऱ्या कंपनीनं चित्रपटाला पैसे दिले आणि 2005 च्या सप्टेंबरात ‘सेरेनिटी’ हा सिनेमा आला. गुंडाळलेल्या मालिकेची पुढची गोष्ट मोठ्या पडद्यावर!

असं आधीही एकदा झालं होतं. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका 1968 मध्येच बंद पडायची होती. ब्जो ट्रिम्बल नावाच्या बाईनं आणि तिच्या नवऱ्यानं लोकांना पत्रं लिहायला लावली. वाहिनीकडे पत्रांचा इतका ढीग पडला की मालिका चालू राहणार असल्याचं त्यांना टीव्हीवरून जाहीर करावं लागलं. एक वर्ष जीवदान मिळालं. 1969 मध्ये ती बंद झालीच, पण दहा वर्षांनी, 1979 मध्ये, तिचाही सिनेमा आला. चाहत्यांची पत्रं थांबली नव्हतीच. त्यांच्याच आग्रहावरून 1976 मध्ये अमेरिकेच्या पहिल्या स्पेस शटलला ‘एंटरप्राइज’ हे मालिकेतल्या यानाचं नाव दिलं गेलं. पोस्टाच्या तिकिटाची ताकद बघा!

आता खरी गंमत पुढं आहे. एवढं भांडून मिळवलेला ‘सेरेनिटी’ चाहत्यांना आवडला का? तर अर्ध्यांना आवडला, अर्धे रडले.

सिनेमात मिरांडा नावाचा एक ग्रह आहे. लोकांनी भांडू नये, शांत राहावं म्हणून सरकार तिथल्या हवेत एक औषध सोडतं. लोक भांडायचे थांबतात. मग काम करायचे थांबतात, बोलायचे, खायचे थांबतात. तीन कोटी माणसं बसल्या जागी मरून जातात. मोजके काही उलटे पिसाळतात, राक्षस होतात. आम्ही दोघी सुन्न झालो. ‘शांत राहा, शहाण्या बाईसारखी राहा,’ हे औषध आपल्याला लहानपणापासून किती वेळा पाजलेलं असतं, नाही का?

ज्यांना सिनेमा आवडला, ते म्हणतात की मालिकेत सुटलेला धागा इथं जोडला गेला, गोष्टीला शेवट मिळाला. ज्यांना नाही आवडला, त्यांचं दुखणं वेगळं. यान चालवणारा वॉश हा सगळ्यांचा लाडका, थट्टेखोर. दुसऱ्या अधिकारी झोईचा नवरा. सिनेमात तो क्षणात मरतो. निरोप नाही, शेवटचं वाक्यही अर्धवटच. पाद्री बुकही जातो, आणि त्याचा भूतकाळ काय होता हे सिनेमात कळतच नाही. “यासाठी का आम्ही पोस्टकार्डं लिहिली?” असं हे लोक विचारतात. तिसरा गट म्हणतो की वर्षानुवर्षं हळूहळू उलगडायची गोष्ट दोन तासांत कोंबली, तर दुसरं काय होणार?

पैशाचा हिशेबही जमला नाही. सिनेमाला जवळपास चार कोटी डॉलर खर्च आला आणि तिकीटबारीवर जेमतेम तेवढेच जमले. आमच्या दुकानाच्या भाषेत सांगायचं, तर पेढा जितक्याला पडला तितक्यालाच विकला, वर थिएटरवाल्यांचा वाटा वेगळा. त्यामुळं त्या सिनेमाचा पुढचा भाग आला नाही.

आमच्या घरातही दोन तट पडले. लेक म्हणाली, “वॉशला मारायचं होतं तर मालिका अर्धवट राहिलेली परवडली.” सासूबाई म्हणाल्या, “मरनारा मरतो. पन त्या बाईनं बंदूक खाली ठिवली न्हाई, ह्ये बघितलं का?” झोई नवरा गेल्यावरही दारात उभी राहून लढते, ते त्यांना भावलं. सासूबाईंना वैधव्य आलं तेव्हा त्या छत्तीस वर्षांच्या होत्या. दुसऱ्या महिन्यात त्या दुकानात बसायला लागल्या होत्या. मी काही बोलले नाही.

त्या रात्री मला झोप आली नाही. कारण माझीही एक ‘मालिका’ गुंडाळलेली होती.

2019 च्या सुरुवातीला आम्ही वाडीत बायकांसाठी सहा महिन्यांचा शिवणवर्ग सुरू केला होता. एका संस्थेची मदत, सहा मशीन, उधारीची खोली. परकर झाले, झबली झाली, साधा ब्लाऊज झाला. पाचव्या महिन्यात ऑगस्ट उजाडला आणि महापूर आला. कृष्णा-पंचगंगेचं पाणी आम्हाला नवीन नाही. पादुकांवरून पाणी वाहिलं की दक्षिणद्वार सोहळ्याला आम्ही हात जोडून उभे राहतो. पण ते पाणी वेगळंच होतं. गाव सोडावं लागलं. परत आलो तेव्हा मशीन चिखलात होत्या. संस्थेनंही पुढं मदत देता येणार नाही असं कळवलं. वर्ग बंद. प्रमाणपत्रं नाहीत, निरोपाचा चहासुद्धा नाही.

त्यानंतर बाजारात वर्गातली कुणी दिसली की मी रस्ता बदलायची. एकदा एकीनं मला गाठलंच. रागावली नाही, नुसतं म्हणाली, “कटोरी राहिली की ओ ताई!” कटोरी ब्लाऊज शिकवायचा राहिला होता. साध्या ब्लाऊजची शिलाई ती किती मिळणार? गिऱ्हाईक येतं ते कटोरीसाठी. माझ्या लेखी एक वर्ग बंद पडला होता, तिच्या लेखी घरात येणारे पैसे अडले होते.

सिनेमा बघितल्यावर वाटलं, सहा महिने परत नाही आणता येणार, पण दोन तास तरी? 2021 च्या जानेवारीत दोन दुरुस्त केलेल्या मशीन आणि एक मागून आणलेली, अशा तिनांवर आम्ही आठ दिवसांचा वर्ग घेतला. फक्त कटोरी. जयसिंगपूरच्या एक टेलरबाई फुकट शिकवायला आल्या. शेवटच्या दिवशी बासुंदी केली.

आणि मैत्रिणींनो, तिथंही तट पडलेच! चौघी आल्याच नाहीत. एक म्हणाली, “आठ दिवसांत काय येतंय? जखमेवरची खपली कशाला काढता?” आलेल्यांपैकी एक म्हणाली, “आमच्यातली एक पुरानंतर गाव सोडून गेली, तिच्याशिवाय वर्ग म्हणजे वर्गच नव्हे.” तिला रिकाम्या मशीनकडं बघवत नव्हतं. दोघींचंही खोटं नव्हतं. पण सात जणी कटोरी शिकल्या. त्याच वर्षी जुलैमध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा त्यातल्या दोघींनी आधी मशीन माळ्यावर चढवली आणि मग भांडी.

‘फायरफ्लाय’च्या चाहत्यांची एक गोष्ट मला फार आवडते. 2006 पासून ते गावोगावी ‘सेरेनिटी’चे खेळ लावतात आणि जमलेले पैसे ‘इक्वॅलिटी नाऊ’ या बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेला आणि इतर चांगल्या कामांना देतात. पुढं 2021 मध्ये, मालिकेचा कर्ता जॉस व्हेडन याच्या आधीच्या मालिकांमधल्या करिष्मा कार्पेंटर या अभिनेत्रीनं त्याच्या वाईट वागणुकीबद्दल जाहीरपणे लिहिलं. त्यानं पुढं बरेच आरोप नाकारले. पण चाहत्यांपुढं प्रश्न आलाच, की आता या गोष्टीवर प्रेम करायचं की नाही? मला विचाराल तर गोष्ट लिहिणाऱ्याइतकीच ती जपणाऱ्यांचीही असते. आणि जपणाऱ्यांनी बायकांचं म्हणणं आधी ऐकून घ्यावं.

जाता जाता एक. 2007 च्या जूनमध्ये स्टीव्ह स्वॉन्सन हा अंतराळवीर या मालिकेच्या आणि सिनेमाच्या डीव्हीडी अंतराळ स्थानकावर घेऊन गेला. आणि त्याच यानातून परत कोण आलं माहीत आहे? आपली सुनीता विल्यम्स! गुंडाळलेली मालिका खरोखरच्या अंतराळात पोचली.

लेक आता पुण्याला नोकरी करते. फोनवर अजून वॉशचा विषय निघतो, अजून तिला राग येतो. सासूबाई अजून झोईचीच बाजू घेतात. मी मात्र आता रस्ता बदलत नाही. त्या न आलेल्या चौघींपैकी एक परवा दुकानात आली, पेढे घेतले, पैसे देताना हळूच म्हणाली, “ताई, परत कटोरीचा वर्ग कधी लावताय?”

मी म्हटलं, “दिवाळीच्या आधी. आणि या वेळी पहिल्या दिवसापासून ये.”