तुळशीच्या लग्नापर्यंतचा किल्ला

सहामाहीचा शेवटचा पेपर टाकून मुलं घरी आली की महाड-पोलादपूरकडच्या वाड्यांमध्ये दगड गोळा व्हायला लागतात. कुणी बांधावरची लाल माती पाटीत भरून आणतं, कुणी खाचराच्या कडेची चिकट. चांगली माती कुठली यावरून वादही होतात. हेच दिवस भातकापणीचे. मोठी माणसं शेतात अडकलेली, घरात फराळाची गडबड, त्यामुळे अंगणाच्या एका कोपऱ्याचा ताबा मुलांकडे जातो तो जातोच. तिथे किल्ला उभा राहतो, दिवाळीभर येणारे-जाणारे तो वाकून बघतात आणि तुळशीचं लग्न लागलं की मुलंच तो मोडून टाकतात.

आपल्याकडच्या सगळ्या हस्तकलांमध्ये हा किल्ला मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याचं मोडणं आधीच ठरलेलं आहे. तो विकायचा नसतो, जपून ठेवायचा नसतो, कुणाला भेट द्यायचा नसतो. हाती लागतात ते फक्त माती कालवण्याचे चार-पाच दिवस. मोठेपणी आपण हौसेने विणकाम, चित्रकला, मातीकाम शिकायला घेतो आणि थोड्याच दिवसांत सोडून देतो. हातातलं काम मोबाइलवर पाहिलेल्या फोटोसारखं दिसत नाही, एवढंच कारण असतं. ‘माझा हात काही त्यातला नाही’ म्हणत लोकर आणि सुया कपाटात जातात. असं म्हणणाऱ्यानेही लहानपणी वाकडे बुरूज रचलेले असतात आणि त्या वाकडेपणाने त्याचं काहीही अडलेलं नसतं.

किल्ला करताना नेमकं काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी दगड आणि विटांचे तुकडे रचून डोंगराचा सांगाडा होतो. मोठे दगड खाली, बारके वर. मधल्या पोकळीत जुना डबा किंवा मडकं आडवं घातलं की गुहा तयार. त्यावर चिखलाच्या राड्यात बुडवलेलं गोणपाट पसरतात. गोणपाटाच्या सुतात माती धरून राहते. नुसत्या दगडावर थापली तर वाळल्यावर खपल्या निघतात. मग मातीचे थर, बोटांनी दाबून केलेल्या पायऱ्या, मातीच्या वळ्या लावून तटबंदी, वाटी पालथी घालून बुरूज.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरुजाला भेग पडलेली असते. मूल धावत जाऊन पातळ चिखल कालवतं, भेग भरतं, दुपारी तिथेच पुन्हा भेग. मातीतलं पाणी उडालं की माती आकसते, आणि पातळ चिखलात पाणी जास्त म्हणून तो जास्तच आकसतो. हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. दोनदा फसल्यावर मूल आपणच घट्ट माती घेतं, भेगेच्या कडा ओल्या करतं, अंगठ्याने दाबून भरतं. घरात आजी असेल तर ती मातीत थोडं भाताचं तूस मिसळायला सांगते, कारण मातीच्या भिंती लिंपताना तिने तेच केलेलं असतं. तुसाने माती बांधली जाते आणि बारीक भेगा कमी पडतात. बुरूज तरीही थोडा कलतोच, पण तोवर मुलाच्या अंगठ्याला मातीचा घट्टपणा कळलेला असतो, आणि तो पुढच्या वर्षीपर्यंत विसरत नाही.

अळिवाचंही असंच. डोंगर हिरवा दिसावा म्हणून अळीव पेरतात. मोहरीही चालते, पण ती उतारावरून घरंगळते. अळिवाच्या दाण्याला पाणी लागलं की त्याभोवती बुळबुळीत, चिकट आवरण सुटतं आणि दाणा उभ्या कड्यालाही धरून बसतो. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतात. पाणी जास्त घातलं तर दाणे कुजतात, विसरलं तर कोंब माना टाकतात. म्हणून सकाळी उठल्यावर चूळ भरायच्या आधी मुलं किल्ल्याकडे जातात.

या भागातल्या मुलांना खरा किल्ला परका नाही. महाडपासून पंचवीसेक किलोमीटरवर रायगड आहे, पोलादपूरहून आंबेनळी घाट चढताना प्रतापगड दिसतो, धवळे गावाच्या डोक्यावर चंद्रगड आहे. 2025 च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान दिला; त्यात रायगड आणि प्रतापगड दोन्ही आहेत. आणि तरीही अंगणातला रायगड टोकदार, शंकूसारखा असतो. खऱ्या रायगडाचा माथा चांगलाच ऐसपैस आहे. त्यावर बाजारपेठ मांडली गेली, तलाव खोदले गेले, 6 जून 1674 ला राज्याभिषेक झाला. त्याची ताकद शिखरात नाही, चारी बाजूंच्या तुटलेल्या कड्यांत आहे: पूर्वेला भवानी टोक, पश्चिमेला हिरकणी, उत्तरेला टकमक, दक्षिणेला श्रीगोंदे. मातीचा रायगड चुकतो, याचं मला वाईट वाटत नाही. ज्याने एकदा महादरवाजा हाताने केला आहे, तो खऱ्या गडावर गेल्यावर दोन बुरुजांच्या कवेत दडवलेल्या त्या वाटेपाशी थांबतो. दरवाजा समोरून का दिसत नाही आणि वाट शेवटी का वळवली आहे, हे त्याला विचारावंसं वाटतं. हिरोजी इंदुलकरांनी बांधलेल्या गडाला त्याहून चांगला पाहुणा मिळणार नाही.

परतीचा पाऊस मात्र कुणाचंच ऐकत नाही. दुपारभर ऊन, संध्याकाळी गडगडाट, आणि अर्ध्या तासात किल्ल्याची एक बाजू ओघळून खाली. भिजलेली माती जड होते, खालच्या दगडावरची तिची पकड सुटते आणि सगळा थर एकदम घसरतो. डोंगरात दरड कोसळते तेव्हाही बरंचसं हेच घडतं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यातही त्याच पावसात दरडींनी माणसं घेतली. त्या दुःखाशी अंगणातल्या खेळाची बरोबरी करायची नाही. पण डोंगराच्या कुशीत राहणाऱ्या मुलाला ओल्या मातीचा स्वभाव हाताने कळलेला असावा, असं मला मनापासून वाटतं.

मुलांचं सोडून ‘माझा हात त्यातला नाही’ म्हणणाऱ्या मोठ्यांकडे यावं, तर एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी 39 प्रौढांना 45 मिनिटं कागद, रंगीत पेनं, माती, चिकटकामाचं साहित्य देऊन हवं ते करायला सांगितलं. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण वाढला की शरीरात हे संप्रेरक वाढतं. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश लोकांचं कॉर्टिसॉल उतरलेलं दिसलं. प्रयोग लहान होता, त्यावरून फार मोठे दावे करू नयेत. पण त्यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: ज्यांना कलेचा सराव होता आणि ज्यांना अजिबात नव्हता, त्यांच्यात या बाबतीत फरक आढळला नाही. म्हणजे हात चांगला असण्याची अट शरीर घालत नाही. ती आपणच घालतो.

आपल्या आयाबायांना हे ठाऊक होतं. दुपारची भांडी झाली की ओटीवर जुन्या लुगड्यांचे थर अंथरून गोधडी घातली जायची. कडेपासून धावदोरा घालत आत आत सरकायचं, शेजारीण आली की दुसरी सुई तिच्या हातात. तिचे टाके लांब, आपले आखूड. कुणी उसवायला सांगत नसे. गप्पा ओघात चालल्या असल्या की रांग वाकडी जायची आणि तशीच पुढे शिवली जायची. पांघरताना थंडीला ती वाकडी रांग दिसत नाही.

आता बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो. आणला, मांडला, चित्रं ठेवली, संपलं. फ्लॅटमध्ये माती कुठून आणणार, हा प्रश्न खरा आहे, पण त्यावर तोड आहे. बाल्कनीत प्लायवूडचा तुकडा किंवा मोठं घमेलं, खाली प्लास्टिकचा कागद, आणि कुंड्यांमधली माती एवढ्यावर छोटा गड होतो. सण झाल्यावर ती माती पुन्हा कुंडीत.

मला जास्त काळजी वाटते ती स्पर्धांची. गावोगाव मंडळं हौसेने किल्ले स्पर्धा घेतात, त्यांचा हेतू चांगलाच असतो. पण पहिला नंबर जाहीर झाला की वडील मैदानात उतरतात, थर्माकोल येतो, विजेच्या माळा येतात आणि मूल बाजूला उभं राहून ‘हात लावू नकोस’ ऐकत असतं. 1973 साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या संशोधकांनी स्टॅनफर्डमधल्या बालवाडीत चित्रं काढायची आवड असलेली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर बक्षीसपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी पाहिलं, तर कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं मोकळ्या वेळात इतरांच्या निम्माच वेळ चित्रांकडे वळत होती. बक्षिसासाठी काढलेली त्यांची चित्रंही इतरांपेक्षा उणी ठरली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती.

मंडळांना यातून करता येण्यासारखं बरंच आहे. नंबर जाहीर करूच नयेत. परीक्षकांनी तयार किल्ला बघण्याऐवजी चिखल ओला असताना एक फेरी मारावी, मुलांशेजारी उकिडवं बसावं आणि विचारावं: कुठली बाजू कोसळली, मग काय केलंत, अळीव कधी पेरलात? मोठ्यांनी मदत करायची तर दगड उचलून देण्यापुरती. आणि बक्षीस द्यायचंच असेल, तर आधी कुणाला पत्ता लागू न देता, तुळशीचं लग्न झाल्यावर वाडीतल्या किल्ला करणाऱ्या सगळ्या पोरांना एका रविवारी गाडीत बसवून पाचाडला न्यावं, आणि तिथून पायऱ्यांनी रायगडावर.