मोटारीच्या रंगाचे संरक्षक लेपन

ऊन, धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि ओरखडे यांपासून मोटारीचा मूळ रंग सुरक्षित राहावा, म्हणून त्यावर चढविल्या जाणाऱ्या अतिरिक्त थरास संरक्षक लेपन म्हणतात. मेण, सीलंट, सिरॅमिक कोटिंग आणि पारदर्शक फिल्म हे त्याचे प्रचलित प्रकार होत.

आधुनिक मोटारीच्या पत्र्यावर प्रायमर, रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअरकोट असे थर असतात. क्लिअरकोटची जाडी साधारणतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसाहून अधिक नसते. गाडीची चकाकी प्रामुख्याने याच थराची असते. यंत्राने पॉलिश करताना हा थर किंचित घासला जातो व पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे वारंवार केलेले पॉलिश हे संरक्षण नसून झीज होय.

कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय वृक्षाच्या पानांपासून मिळते. ते स्वस्त असले, तरी काही आठवड्यांतच उतरू लागते. कृत्रिम सीलंट त्याहून काहीसे अधिक टिकते.

सिरॅमिक कोटिंग हा सिलिकायुक्त द्रव असून तो वाळल्यावर क्लिअरकोटला घट्ट धरून राहतो. पाणी व चिखल त्यावरून सहज ओघळतात. जाहिरातींतील ‘९एच’ ही कठिणता मात्र पेन्सिल-चाचणीतील आहे. चित्रकलेच्या तासाला वापरल्या जाणाऱ्या एच व बी पेन्सिलींचीच ही श्रेणी. खनिजांच्या मोस श्रेणीशी तिचा संबंध नाही. रस्त्यावरील धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि कोरड्या फडक्याने पुसल्यास ते या थरावरही ओरखडे पाडतात. विंधनविहिरीचे जड पाणी वाळून पडणारे क्षारांचे डागही त्याने टळत नाहीत.

‘टेफ्लॉन’ या नावाविषयीही असाच गैरसमज आढळतो. तव्यावर टेफ्लॉन पक्के बसविण्यास ३०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. रंगविलेल्या मोटारीला ते देता येत नाही. त्यामुळे तव्यावरील थराचा टिकाऊपणा येथे अपेक्षिता येत नाही.

उडणाऱ्या खडीचा मारा खऱ्या अर्थाने झेलते ती पॉलियुरेथेनची फिल्म, कारण तिची जाडी १५० ते २०० मायक्रॉन असते. अनेक फिल्मांवरील बारीक ओरखडे उष्णतेने भरून येतात. ती महाग असल्याने महामार्गावर नित्य प्रवास करणाऱ्यांनी ती बॉनेट व पुढच्या बंपरपुरती लावणेही पुरेसे ठरते. उघड्यावर, झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीस सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग अधिक उपयुक्त आहे. तरीही विष्ठा आम्लधर्मी असल्याने ती लगेच भिजवून काढावी लागते.

कोकणासारख्या किनारी प्रदेशात गंज बहुधा पत्र्याच्या सांध्यांत आणि तळाशी सुरू होतो. तेथे यांपैकी कोणतेही लेपन पोहोचत नाही. त्यासाठी तळाला वेगळे गंजरोधक लेपन करावे लागते.