वजीफा कोणाला मिळतो?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या शाळेच्या कार्यालयापुढे काही मोठी मुले-मुली उभी दिसतात. ती आता या शाळेची विद्यार्थी नाहीत. दोन-तीन वर्षांपूर्वीच ती शाळा सोडून गेली आहेत. मग ती परत का येतात? कोणाला दाखल्याची नक्कल हवी असते. कोणाला रजिस्टरातील एक अक्षर बदलून हवे असते. महाविद्यालयात त्यांनी शिष्यवृत्तीचा अर्ज भरलेला असतो आणि तो त्रुटी दाखवून परत आलेला असतो.

शिष्यवृत्ती म्हणजे आपला वजीफा. ती मिळण्यासाठी ज्या अटी पूर्ण कराव्या लागतात त्यांना पात्रता म्हणतात. घरात आपण ऐकतो, 'हुशार मुलाला वजीफा मिळतो.' कोणी म्हणते, 'गरिबाला मिळतो.' दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या आहेत. अर्ज तपासणारा माणूस तुम्हांला ओळखत नाही. तुमचे घर त्याने पाहिलेले नाही. त्याच्यापुढे असतात फक्त तुमचे कागद. तुम्ही कितीही गरजू असलात तरी ती गरज कागदावर दिसली पाहिजे.

ही गोष्ट आजचीच आहे असे नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. पण आधी करारनाम्यावर सही घेतली. ठरलेल्या विषयांचाच अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोदा संस्थानाची नोकरी करायची, अशी अट होती. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी गावोगावच्या मुलांसाठी वसतिगृहे काढली. १९०६ साली मुसलमान मुलांच्या शिक्षणासाठी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, ती त्यांच्याच पुढाकाराने. पुढे यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९५९ च्या सुमारास, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फी-माफी सुरू झाली. तिला लोक 'ई.बी.सी.' म्हणत. तुमच्या वडिलांना किंवा चाचांना हे नाव नक्की आठवत असेल. आज राज्य शासनाची जी फी-सवलत योजना आहे तिला राजर्षी छत्रपती शाहू महाराज यांचे नाव दिले आहे.

आता आजचे नियम पाहू. पहिला प्रश्न असतो, तुम्ही महाराष्ट्राचे रहिवासी आहात का? त्यासाठी अधिवासाचा दाखला लागतो. इंग्रजी नावावरून लोक त्याला 'डोमिसाईल' म्हणतात. हा दाखला मिळवणे फारसे अवघड नाही, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

दुसरा प्रश्न उत्पन्नाचा, म्हणजे आमदनीचा. शाहू महाराज योजनेत कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आत असावे लागते. अनुसूचित जाती व जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिच्यात मर्यादा अडीच लाखांची आहे. तुम्ही म्हणाल, आमचे अब्बा पॉवरलूमवर काम करतात, कोणाचे अब्बा हातगाडीवर केळी विकतात, आठ लाख आम्ही कधी पाहिलेच नाहीत! बरोबर आहे. पण 'कमी आहे' असे नुसते सांगून चालत नाही. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. त्याची मुदत ३१ मार्चला संपते. गेल्या वर्षीचा दाखला जपून ठेवला आणि मुदत न पाहता तोच जोडला, म्हणून अर्ज परत आल्याची उदाहरणे मी मोजायची सोडून दिली आहेत.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. इतर मागास वर्गातील विद्यार्थ्याला 'नॉन-क्रिमिलेअर' नावाचा आणखी एक दाखला लागतो. त्यातही आठ लाख हाच आकडा आहे. १९९३ साली ही मर्यादा एक लाख होती, ती वाढत वाढत २०१७ साली आठ लाख झाली. आकडा सारखा, म्हणून लोकांना दोन्ही दाखले एकच वाटतात. तसे नाही. नॉन-क्रिमिलेअर ठरवताना आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न त्या आठ लाखांत धरत नाहीत. त्यांच्या नोकरीचा दर्जा आणि जमिनीचे प्रमाण वेगळे पाहतात. शिष्यवृत्तीच्या उत्पन्नाच्या दाखल्यात मात्र सर्व मार्गांनी येणारे उत्पन्न धरतात. म्हणून एक दाखला आहे तर दुसरा कशाला, असे समजू नका.

तिसरा प्रश्न प्रवर्गाचा आहे, आणि आपल्या शाळेतील मुले सर्वांत जास्त अडतात ती इथेच.

आपल्या रजिस्टरात धर्म आणि जात असे दोन रकाने असतात. नाव घालताना गुरुजी विचारतात, 'जात कोणती?' वडील सांगतात, 'मुसलमान.' गुरुजी तेच लिहितात. यात दोघांपैकी कोणाचीही वाईट इच्छा नसते. पण मुसलमान हा धर्म झाला. महाराष्ट्राच्या इतर मागास वर्गाच्या यादीत मोमीन, पिंजारी, बागवान, तांबोळी, मणियार अशी नावे आहेत. कापड विणणारे, कापूस पिंजणारे, भाजी-फळे विकणारे, बांगड्या भरणारे, असे हे धंद्यांवरून पडलेले समाज. मुसलमानांतील मागास समाजांनाही इतर मागास वर्गाच्या सवलती मिळाव्यात म्हणून ७ डिसेंबर १९९४ रोजी राज्य शासनाने आदेश काढला. तेव्हापासून आपल्यातील कितीतरी मुले डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक झाली. परंतु दाखल्यावर नुसते 'मुसलमान' लिहिले असेल तर यादीतील कोणते नाव तुमचे, हे अधिकाऱ्याने कसे ओळखावे?

मग पुरावा मागतात, आणि तोही जुना. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ ही तारीख धरतात. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०. त्या तारखेपूर्वी तुमचे घराणे महाराष्ट्रात होते आणि त्या जातीचे होते, हे दाखवावे लागते. म्हणून तुमच्या वजीफ्यासाठी दादाजानच्या शाळेचा दाखला शोधावा लागतो! दादाजान शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावाचा, नाहीतर जमिनीचा किंवा जन्म-मृत्यूच्या नोंदीचा उतारा काढावा लागतो. तो मिळाला की वंशावळ, म्हणजे शजरा, तयार करून तुमचे त्यांच्याशी नाते दाखवायचे. व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. त्यासाठी अकरावी-बारावीतच धावपळ सुरू करावी.

आपल्या खानदेशात याचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. यावल, रावेर, चोपडा या भागांत तडवी लोक राहतात. ते मुसलमान आहेत आणि अनुसूचित जमातीचेही आहेत. जमातीला धर्माची अट नाही. अनुसूचित जातीला मात्र आहे. तिथे फक्त हिंदू, शीख आणि बौद्ध धर्मांचे लोक धरले जातात. हा फरक योग्य की अयोग्य यावर मोठी माणसे अनेक वर्षे वाद घालीत आहेत. अर्ज भरताना मात्र आज जो नियम आहे तोच चालतो.

तुमच्यापैकी कोणी सय्यद असेल, कोणी पठाण. तुम्ही म्हणाल, आमचे नाव यादीत नाही, मग आमचे काय? तुमच्यासाठी दार बंद नाही. शाहू महाराज योजनेत खुल्या प्रवर्गातील मुलेही येतात. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा दाखला वेगळा काढता येतो. शिवाय अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची उच्च व व्यावसायिक शिक्षणाची शिष्यवृत्ती आहे. तिच्यात जात विचारीत नाहीत, धर्म विचारतात. पण एका वेळी एकाच योजनेतून फी मिळते. दोन ठिकाणी अर्ज करून दोन्हीकडचे पैसे घेता येत नाहीत.

चौथा प्रश्न, प्रवेश कसा घेतला? इंजिनिअरिंग, फार्मसी यांसारख्या अभ्यासक्रमांत शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून मिळालेली जागाच फी-सवलतीसाठी धरली जाते. व्यवस्थापनाच्या कोट्यातून जागा घेतली की कागद कितीही पक्के असोत, सवलत मिळत नाही. मुलींनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. २०२४-२५ या वर्षापासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाखांच्या आतील उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली आहे. पूर्वी ही माफी अर्धी होती. आता दाखला वेळेवर असणे आणि नसणे यांत निम्म्या फीचा फरक पडतो.

आमच्या देवपुरातील एका मुलीच्या बाबतीत नेमके हेच घडले. तिचे वडील पॉवरलूमवर मजुरी करतात. मुलगी अभ्यासात चांगली. २०२४ साली तिचा फार्मसीला नंबर लागला. घराणे मोमीन, पण तिच्या दाखल्यावर 'मुसलमान', वडिलांच्या दाखल्यावरही 'मुसलमान'. जातीचे प्रमाणपत्र नव्हते, दुर्बल घटकाचा दाखलाही काढलेला नव्हता. तिचा प्रवेश साध्या खुल्या प्रवर्गातून झाला. मग शोधाशोध सुरू झाली. तिचे दादा १९५० नंतरच्या काळात ज्या उर्दू शाळेत शिकले होते, तिथले रजिस्टर आम्ही दोघांनी मिळून पाहिले. पाने पिवळी पडलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. नोंद उर्दूत होती. दादांच्या नावापुढे सुंदर अक्षरात 'मोमीन' लिहिले होते. त्या गुरुजींचे अक्षर पाहून माझे डोळे भरून आले. परंतु त्या नोंदीचे मराठी भाषांतर, वंशावळ, प्रतिज्ञापत्र हे सारे होईपर्यंत प्रवेशाची मुदत कधीच संपून गेली होती. त्या वर्षी तिला अर्धीच फी माफ झाली. उरलेल्या फीसाठी तिच्या अम्मीने हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या.

आता अर्जाविषयी थोडेसे. २०१७ पासून बहुतेक अर्ज शासनाच्या 'महाडीबीटी' या संगणकीय व्यवस्थेतून भरावे लागतात. पैसे आधार क्रमांकाशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. यंत्र माणसासारखे समजून घेत नाही. एका कागदावर 'शेख' आणि दुसऱ्यावर 'शैख', एका ठिकाणी वडिलांचे नाव 'अब्दुल हमीद' आणि दुसरीकडे नुसते 'हमीद', एवढ्याने अर्ज अडतो. मी स्वतः महाविद्यालयात असताना माझ्या नावातील एका वेलांटीमुळे एका वर्षाची शिष्यवृत्ती गमावली आहे. त्या वर्षी सुट्टीच्या दिवशी मी एका किराणा दुकानात पुड्या बांधल्या. पुड्या अजूनही मला छान बांधता येतात!

शिष्यवृत्ती एकदा मिळाली की झाले, असेही नाही. दरवर्षी अर्ज पुन्हा करावा लागतो. हजेरीची अट असते. मध्ये शिक्षण सोडून घरी बसलात तर त्या खंडाचे कारण प्रतिज्ञापत्रावर द्यावे लागते. शाहू महाराज योजनेचा लाभ एका कुटुंबातील दोनच अपत्यांना मिळतो, म्हणून घरात आधी कोणी घेतला आहे का, हे विचारून घ्या.

तुम्ही आज आठवी-नववीत आहात, महाविद्यालय दूर आहे. तरी हा पाठ आताच का, असे तुम्ही विचाराल. कारण रजिस्टरातील नाव, जन्मतारीख किंवा जात यांत चूक असेल तर तुम्ही शाळेत आहात तोपर्यंत पुराव्यासह शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीने ती दुरुस्त करता येते. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडला की तेच काम फार कठीण होऊन बसते. म्हणून या आठवड्यात कार्यालयात जाऊन आपली नोंद स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. ती मराठीत असेल, न अडखळता वाचता आली पाहिजे. मग घरी जाऊन आधार कार्ड आणि रेशन कार्ड काढा आणि अक्षरन् अक्षर ताडून पाहा.

फार्मसीच्या त्या मुलीचा धाकटा भाऊ सध्या आठवीत आहे. दादांच्या जुन्या नोंदीची नक्कल जोडून आम्ही त्याचा दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला होता. गेल्या महिन्यात मंजुरी आली. रजिस्टरात त्याच्या नावापुढे आता धर्म 'मुस्लिम' आणि जात 'मोमीन' असे लाल शाईने लिहिले आहे, आणि खाली मुख्याध्यापकांची सही आहे.