ताटात सगळं आहे, मग गोळी कशाला?

ताईंनो, बेलवलीच्या बैठकांत हा प्रश्न हमखास निघतो. भाकरी, डाळ, पालेभाजी, फळ, दूध किंवा अंडी रोज पोटात जात असतील, तर बहुतेकींना मेडिकलमधली महागडी टॉनिकं लागत नाहीत. तेच पैसे भाजी-अंड्यांवर घाला.

लोहाचं मात्र वेगळं आहे. पाळीत, बाळंतपणात रक्त जातं आणि पालेभाजीतलं लोह अंगाला कमीच लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणून गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून १८० दिवस रोज एक लोहाची गोळी घ्यायचीच, बाळंतपणानंतरही १८० दिवस. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको, लिंबूपाणी चांगलं. शौचाला काळी झाली तर घाबरून गोळी बंद करू नका.

दूध, अंडी, मासे, मटण यातलं काहीच खात नसाल, तर बी-१२ कमी पडू शकतं. हातापायांना मुंग्या येतात, थकवा जात नाही? मग शेजारणीची गोळी घेऊ नका, आधी रक्त तपासून घ्या.