पेटी भरली, राणी चालली!

फुलोऱ्याच्या दिवसांत फांदीला अचानक मधमाश्यांचा मोठा घोस लटकलेला दिसतो आणि सोसायटीत धावपळ सुरू होते. पण या माश्या हल्ला करायला आलेल्या नसतात. त्यांची चालू असते घरशोधणी!

थंडी ओसरली की पालघर, बोईसर, तारापूर पट्ट्यात आंब्याचा मोहोर, शेवगा, पांगारा, करंज, जांभूळ असा फुलोरा एकामागून एक सुरू होतो. घरामागच्या वाडीत एखाद-दुसरी मधपेटी ठेवणाऱ्यांसाठी हे वर्षातले सगळ्यात भारी दिवस. पेटी माश्यांनी गच्च भरलेली, चौकटींत मध साठलेला, सगळं मस्त चाललेलं. आणि नेमकं तेव्हाच, एका उन्हाच्या सकाळी पेटीच्या दारातून माश्यांचा लोंढा बाहेर पडतो. हवेत पाच-दहा मिनिटं नुसता घोंगाट. मग सगळ्या जणी जवळच्या फांदीला लटकून बसतात. पेटीवाला डोक्याला हात लावतो. खायला-प्यायला आहे, घर आहे, मग या चालल्या कुठे?

नवख्या मधपाळाला हमखास पडणारा हा प्रश्न. गंमत म्हणजे माश्या जातात त्या घरात काही बिघडलं म्हणून नाही, तर सगळं नीट चाललंय म्हणून!

म्हातारी राणी घर सोडते

आपल्याकडे पेटीत पाळली जाते ती मुख्यतः सातेरी मधमाशी. झाडाची ढोली, वारूळ, भिंतीतली पोकळी अशा अंधाऱ्या जागी राहणारी. फुलोरा वाढला की परागकण आणि मकरंद भरपूर येतो, राणी भराभर अंडी घालते आणि पेटीत पाय ठेवायला जागा उरत नाही. राणीच्या अंगाचा विशिष्ट गंध सगळ्या माश्यांपर्यंत पोहोचत असतो, तोवर नवी राणी तयार करायचा विचार कुणी करत नाही. गर्दी झाली की हा गंध कमी पडतो. मग कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला शेंगदाण्याच्या आकाराची राणीघरं बांधायला घेतात.

त्यानंतर जे होतं ते ऐकून थक्क व्हायला होतं. कामकरी माश्या जुन्या राणीचं खाणं कमी करतात. ती बारीक होते, अंडी घालणं थांबवते. का? तर तिला उडता यावं म्हणून! राणीघराची तोंडं बंद झाली की जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून जास्त माश्यांना घेऊन बाहेर पडते. भरलेलं घर, मध आणि पिल्लं लेकीसाठी ठेवून. अंड्यापासून नवी राणी बाहेर यायला साधारण 16 दिवस लागतात. म्हणजे आई निघून गेली की काही दिवसांत घराला नवी मालकीण मिळते. एका वसाहतीच्या दोन वसाहती होतात. इंग्रजीत याला स्वार्मिंग म्हणतात.

कधीकधी थवा बाहेर पडतो आणि थोड्या वेळात पुन्हा पेटीत परततो. हा प्रकारही गोंधळात टाकणारा. पण बहुतेक वेळा कारण साधं असतं. राणी सोबत आलेलीच नसते. ती नाही म्हटल्यावर बाकीच्या परत फिरतात.

नाराजी वेगळी, वाटणी वेगळी

सातेरी माशी खरोखरच वैतागून घर सोडते तेही खरं आहे. मुंग्या, मेणकिडा, सारखी उघडझाप किंवा पावसाळ्यातली उपासमार यामुळे अख्खी वसाहत पळ काढते. मग दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? पेटी उघडून बघायची. आत माश्या, पिल्लं, मध आणि कडेला राणीघरं असतील, तर ती वाटणी. पेटी पूर्ण रिकामी असेल, तर ते पलायन. पहिल्यात मधपाळाने वेळेवर जागा द्यायला हवी होती, दुसऱ्यात काळजी घ्यायला हवी होती.

म्हणूनच अनुभवी मधपाळ फुलोऱ्यात दर आठवड्याला पेटी तपासतात. रिकाम्या चौकटी देतात, वर मधाचा कप्पा चढवतात किंवा राणीघरं दिसली की स्वतःच वसाहतीचे दोन भाग करतात. पळून जाणारा थवा वाचतो आणि एका पेटीच्या दोन होतात.

फांदीवरची मीटिंग

आता त्या लटकलेल्या घोसाकडे येऊ. ग्रुपची ट्रिप केळव्याला न्यायची की जव्हारला, हे ठरवताना आपल्या ग्रुपवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. इथे तर हजारो जणींना एकच घर ठरवायचं असतं, आणि राणी त्यात तोंडही उघडत नाही!

हे कोडं पहिल्यांदा उलगडायला घेतलं मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने. 1949 मध्ये म्युनिकमध्ये त्याला एका थव्यावर नाचणाऱ्या माश्या दिसल्या. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात, हे त्याचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिलं होतं. त्याच कामासाठी त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. पण या माश्यांच्या अंगावर परागकण नव्हते. कुणी काजळीने काळी झालेली, कुणी विटांच्या भुकटीने लाल, कुणी पिठाने पांढरी. लिंडाउअरच्या डोक्यात प्रकाश पडला. या फुलांवरून आलेल्याच नाहीत! महायुद्धात पडझड झालेल्या शहरातली धुराडी आणि भिंतींची भोकं बघून त्या आल्यात. घर शोधतायत!

पुढे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे थॉमस सीली यांनी युरोपियन मधमाशीवर हे काम बरंच पुढे नेलं. जवळजवळ झाडंच नसलेल्या ॲपलडोर बेटावर थवे नेऊन, स्वतः ठेवलेल्या पेट्यांमधून माश्या कोणती निवडतात हे त्यांनी पाहिलं. थव्यातल्या शंभरातल्या चार-पाच माश्याच शोध घेतात. जागा किती मोठी, दार किती लहान, जमिनीपासून किती उंच, हे सगळं तपासून त्या परत येतात आणि नाचतात. जागा जितकी चांगली, तितका नाच जास्त वेळ. बाकीच्या शोधक माश्या ऐकीव माहितीवर विश्वास ठेवत नाहीत, स्वतः जाऊन बघून येतात. आणि प्रत्येक फेरीनंतर प्रत्येकीचा नाच थोडा कमी होत जातो. म्हणजे आपलंच खरं म्हणून कुणी अडून बसत नाही! सुमार जागांचा प्रचार आपोआप विझतो.

एखाद्या जागेवर एकाच वेळी वीस-तीस शोधक माश्या जमल्या की निर्णय पक्का. मग त्या परत येऊन बारीक आवाज काढतात, सगळ्या जणी उडण्यासाठी अंग तापवतात आणि थवा उडतो. कधी काही तासांत, कधी दोन-तीन दिवसांत.

घाई आपल्याला असते

खरी अडचण याच काही तासांत होते. थवा दिसला की कुणी कीटकनाशकाचा फवारा मारतो, कुणी धूर करतो, कुणी मशाल पेटवतो. खरं तर निघण्यापूर्वी माश्यांनी पोटभर मध घेतलेला असतो आणि राखायला ना पोळं असतं ना पिल्लं. त्यामुळे छेडलं नाही तर थवा सहसा शांत असतो. फवाऱ्यात मरते ती एक अख्खी नवी वसाहत.

त्याचा फटका आपल्याच ताटाला बसतो. काकडी, कारली, दुधी, भोपळा यांची नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात. एका फुलावरून दुसऱ्यावर पराग नेणारं कुणी नसेल तर फळ धरत नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये ‘मधाचं गाव’ झालं. त्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या, चिकूसाठी प्रसिद्ध असलेल्या घोलवडचीही या योजनेत निवड झाली. एकीकडे घोलवडला माश्या जपायच्या आणि रेल्वेने जेमतेम काही स्टेशनं अलीकडे बोईसरला त्यांच्यावर फवारा मारायचा, हे काही पटत नाही.

थवा दिसला तर...

• आधी लांबूनच बघा. नुसता माश्यांचा घोस असेल तर तो थवा. पोळं दिसत असेल तर ती त्यांची वस्ती, तिथे आणखी लांब राहा.

• उंच इमारत, पाण्याची टाकी किंवा मोठ्या झाडावर उघड्यावर लटकणारं एकच मोठं पोळं आग्या माशीचं असतं. तिचा हल्ला जिवावर बेतू शकतो. दगड, फटाके, सेल्फी काहीही नको.

• थव्याखालून ये-जा थांबवा, लहान मुलांना लांब ठेवा आणि वाट बघा. बहुतेक थवे स्वतःच निघून जातात.

• अडचणीच्या जागी असेल तर फवारणीवाल्याआधी जवळच्या मधपाळाला फोन करा. त्याला तो थवा पेटीसाठी हवाच असतो!

• माशी चावलीच तर काटा लगेच काढा आणि तिथून दूर जा. डंखाच्या वासाने इतर माश्या येतात. धाप लागली किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठा.

• स्वतः पेटी ठेवायची आहे? राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मध केंद्र योजनेत प्रशिक्षण आणि साहित्यासाठी 50 टक्के अनुदान मिळतं. जिल्हा कार्यालयात चौकशी करा. पुण्यात 1962 पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थाही आहे.