बिलीमोऱ्याचे छोटे रूळ

सुरतेहून मुंबईकडे निघालो की पन्नासेक किलोमीटरवर बिलीमोरा लागते. गाडी थांबते, आपण चहा घेतो आणि पुन्हा मोबाईलमध्ये डोके घालतो. या स्टेशनातूनच ६३ किलोमीटरची छोटी लाइन डांगच्या जंगलाशी, वघईला जाते.

ही लाइन आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्यात जन्मलेल्या सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने १९१३च्या सुमारास सुरू केली. डांगचा साग बाहेर काढणे हा मोठा हेतू होता. मोठ्या गाडीचे रूळ साडेपाच फूट रुंद, हे अवघे अडीच फूट! अरुंद रुळांना खर्च कमी आणि वळणेही सोपी.

पण रुंदी बदलली की डबा पुढे जाऊ शकत नाही. माल उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागतो. म्हणून अशा जंक्शनच्या यार्डात दोन्ही प्रकारचे रूळ शेजारी शेजारी आणि मध्ये माल हलवायला जागा असते. शेवटच्या स्टेशनाचे गणित वेगळे. तिथे इंजिन सुटते, पुढे जाते, सांधा बदलून बाजूच्या रुळावरून मागे येते आणि गाडीच्या दुसऱ्या टोकाला जोडले जाते. बाजूचा तो एक रूळ उखडला, तर गाडी परत कशी निघणार?

२०२०च्या मार्चमध्ये कोरोनामुळे गाडी बंद पडली. डिसेंबरमध्ये तोट्याचे कारण देऊन ती कायमची बंद करण्याचा निर्णय झाला. स्थानिक लोकांनी विरोध केला आणि सप्टेंबर २०२१मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. आपल्यासाठी ती सहल असेल. गणदेवी, अनावल, उनाईकडच्या गावकऱ्यांसाठी ती बाजाराची आणि कामाची गाडी आहे.

तरुण मित्रांनो, पावसाळ्यात एकदा वघईपर्यंत जाऊन या. जमल्यास आजी-आजोबांनाही न्या. कुठे माल उतरायचा, कुठे इंजिन पाणी प्यायचे, हे त्यांना आठवत असेल तर विचारा आणि घरी आल्यावर कागदावर त्या रुळांचा नकाशा काढा. गवताखाली गेलेला रूळ पुन्हा दिसत नाही. कागदावरचा मात्र तुमच्या मुलांनाही दाखवता येईल.